फुटण्याआधीची तीन सिंगल्स: इंदूरमध्ये बझकॉक्सची श्रवण-बैठक अशी भरवा

बझकॉक्स या मँचेस्टरच्या पंक बँडबद्दल गप्पा सुरू झाल्या की त्या १९७८ पाशी येऊन थांबतात. 'एव्हर फॉलन इन लव्ह' सगळ्यांना ठाऊक असतं. ब्रिटनच्या सिंगल्स-विक्रीच्या यादीत ते बाराव्या क्रमांकापर्यंत चढलं होतं. याच बँडच्या चौघांनी १९८० च्या उत्तरार्धात, फुटण्याआधीची शेवटची तीन सिंगल्स काढली, त्यांच्याविषयी मात्र ठरलेलं एकच वाक्य ऐकू येतं: "बँड फुटत होता ना, म्हणून तसं वाजलंय." हे वाक्य बोललं की चर्चा मिटते, आणि बहुतेकदा गाणी नीट न ऐकताच ते बोललेलं असतं. पंक नव्यानं ऐकू लागलेल्यांनी आधी कानांनी ऐकावं, मग तारखा बघाव्यात आणि फुटण्याचा विषय सगळ्यात शेवटी काढावा, यासाठी ही पद्धत. पाच ते आठ माणसं, अडीच तास, सहा गाणी आणि कान तयार करायला आणखी दोन, एवढ्यावर भागतं.

गाणी कोणती, आणि ती मिळवताना काय चुकतं

सिंगल म्हणजे दोन बाजू. या तीन सिंगल्सना बँडनं 'पार्ट वन', 'पार्ट टू', 'पार्ट थ्री' असे क्रम दिले होते. प्रत्येकावर एक गाणं बँडचा गायक पीट शेली याचं आणि एक गिटारवादक स्टीव्ह डिगल याचं आहे. पहिल्यावर शेलीचं 'आर एव्हरीथिंग' आणि डिगलचं 'व्हाय शीज अ गर्ल फ्रॉम द चेनस्टोअर'. दुसऱ्यावर शेलीचं 'स्ट्रेंज थिंग' आणि डिगलचं 'एअरवेव्ह्ज ड्रीम'. तिसऱ्यावर डिगलचं 'रनिंग फ्री' आणि शेलीचं 'व्हॉट डू यू नो?'. बासवर स्टीव्ह गार्वी, ड्रम्सवर जॉन मॅहर.

नवखा माणूस इथे एका ठरावीक जागी फसतो. 'सिंगल्स गोइंग स्टेडी' हा संग्रह घेतला की सगळी सिंगल्स आली, असं त्याला वाटतं. तो संग्रह अमेरिकेत १९७९ साली निघाला. त्यात सोळा गाणी आहेत आणि १९८० मधलं एकही नाही. नंतरच्या वाढीव सीडींमध्ये ती मागे जोडली आहेत, पण तिथे एका सिंगलच्या दोन बाजू मूळ क्रमानं येतीलच असं नाही. म्हणून अॅपमध्ये वर दिलेल्या क्रमानं सहा गाण्यांची स्वतःची यादी बनवा. बनवून झाल्यावर प्रत्येक गाण्याचे पहिले वीस सेकंद वाजवून बघा, कारण त्याच नावाखाली मैफलीतलं ध्वनिमुद्रण किंवा पुनर्मीलनानंतरचं रूप येऊन बसतं. नावासमोर 'लाइव्ह' किंवा 'डेमो' दिसलं तर ते काढून टाका.

त्या जुन्या संग्रहाची रचना मात्र नव्या माणसाला जरूर दाखवा. पहिल्या बाजूला आठ सिंगल्सची मुख्य गाणी, दुसऱ्या बाजूला त्याच आठांच्या मागच्या बाजू, दोन्ही काळाच्या क्रमानं. या बँडनं मागची बाजू कधी भरतीची म्हणून टाकली नाही, हे त्यावरून लगेच कळतं. १९८० मध्ये तर दोन गीतकारांनी तबकडी अर्धी-अर्धी वाटून घेतली. एका बाजूवर बोलून दुसरी सोडली तर निम्मं राहून जातं.

पहिली पायरी: खोली आणि वेळ

रविवारी सकाळी पोहे-जलेबी आटोपून अकरा ते दीड ही इंदूरमधली सगळ्यात सोयीची वेळ. संध्याकाळी लग्नसराईत वराती आणि बँडबाजे रस्त्यावर असतात, आणि रात्री दहा ते सकाळी सहा मोठ्या आवाजाला कायद्यानं मनाई आहे. ही गाणी अगदी हळू वाजवून कळत नाहीत. कमी आवाजात बास आणि ड्रम्सचा तळच कानावर येत नाही.

राजवाडा-रामबाग भागातल्या जुन्या घरांमधल्या लाकडी माळ्याच्या, कपाटांनी भरलेल्या खोल्या ऐकायला चांगल्या. विजयनगरकडच्या नव्या फ्लॅटमध्ये चकचकीत टाइल्स आणि उघड्या भिंती असतात, तिथे आवाज घुमतो. या सिंगल्सच्या बाबतीत तो घुमारा घातक आहे. निर्माता मार्टिन हॅनेट यानं ध्वनिमुद्रणातच पोकळी आणि प्रतिध्वनी यांचा वापर केला आहे, आणि खोलीचा प्रतिध्वनी त्यात मिसळला की कुठला कोणाचा ते उमगत नाही. उपाय स्वस्त आहे: स्पीकर आणि श्रोते यांच्यामध्ये जाड सतरंजी किंवा गाद्या अंथरा, पडदे ओढून घ्या, स्पीकरच्या समोरच्या भिंतीशी कपड्यांचं कपाट किंवा पुस्तकांचं शेल्फ असेल तर उत्तम. हातानं एक टाळी वाजवा. टाळीमागे 'टिंग्' असा धातूसारखा शेपूट ऐकू आला तर अजून कापड हवं.

पंखा मध्यम गतीवर ठेवा, कूलर मात्र गाण्यापुरता बंद.

दुसरी पायरी: यंत्रणा

दोन वेगळे स्पीकर हवेत. एकच ब्लूटूथ स्पीकर आणला तर डावं-उजवं एकत्र होतं आणि कडेला ठेवलेले गिटारचे थर मधल्या गोंगाटात जातात. मग "आवाज चिखलासारखा आहे" अशी तक्रार येते आणि तिचं खापर बँडवर फुटतं. दोन स्पीकरमध्ये सहा-सात फूट अंतर, ऐकणारा दोघांपासून तेवढ्याच अंतरावर, आणि स्पीकरचा वरचा छोटा भाग बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर. गादीवर बसणार असाल तर स्पीकर टेबलावर नकोत, पाटावर ठेवा. आठ माणसं असतील तर दोन ओळी करा आणि प्रत्येक सिंगलनंतर जागा बदला.

बास वाढवणारं बटण बंद. अॅपमध्ये तीन गोष्टी बघायच्या: एक गाणं दुसऱ्यात विरघळवणारी क्रॉसफेडची सोय बंद, यादी संपल्यावर आपोआप दुसरं गाणं लावणारी सोय बंद, आणि आवाजाची पातळी सारखी करणारी नॉर्मलायझेशनची सोय चालू. शेवटचीचं कारण नीट समजून घ्यायला हवं. दोन गाण्यांतलं एक जरासं मोठं वाजलं तरी कान त्यालाच "जास्त चांगलं" ठरवतात. वेगवेगळ्या सीडींवरून आलेल्या गाण्यांच्या पातळीत असा फरक नेहमीच असतो. १९७८ चं गाणं मोठं आणि १९८० चं हळू वाजलं, तर बँड थकला होता हा निष्कर्ष यंत्रानंच काढून दिलेला असतो. फोनवरच्या डेसिबल मोजणाऱ्या अॅपनं मुख्य आसनावर सरासरी ७५ ते ८० च्या दरम्यान ठेवा. फोनचा आकडा तंतोतंत नसतो, पण दोन गाण्यांची तुलना करायला पुरतो.

गाणी आदल्या दिवशी डाउनलोड करून ठेवा.

तबकडीवरून वाजवायचं असेल तर

मूळ सात इंची सिंगल कुणाकडे असेल तर आनंदच आहे, पण त्यासाठी चार गोष्टी तपासा.

वेग ४५ फेऱ्यांचा लावा. ३३ वर राहिला तर गाणं मूळ वेगाच्या तीन-चतुर्थांशाहूनही हळू चालतं आणि शेलीचा उंच आवाज ओळखू येत नाही. मधलं भोक मोठं असेल तर अडॅप्टर लागतो.

अमेरिकेतून आणलेला जुना रेकॉर्ड प्लेअर असेल तर फक्त ट्रान्सफॉर्मर लावून काम होत नाही. ज्या यंत्राची मोटर विजेच्या आवर्तनावर चालते ते तिकडच्या ६० हर्ट्झसाठी बनलेलं असतं. आपल्याकडे ५० हर्ट्झ आहेत. ४५ च्या जागी ३७.५ फेऱ्या होतात आणि सूर सुमारे तीन अर्धस्वरांनी उतरतो. डायरेक्ट ड्राइव्ह किंवा डीसी मोटरच्या यंत्राला हा त्रास नाही, त्याला फक्त योग्य व्होल्टेज लागतं. ब्रिटनमधल्या यंत्रांची आवर्तनं आपल्यासारखीच आहेत.

आजोबांचा एचएमव्हीचा सुटकेसवाला प्लेअर या कामाला काढू नका. त्याची सुई बहुधा झिजलेली असते आणि जड दाबानं बसते. आजच्या चांगल्या कार्ट्रिजला (सुई बसवलेल्या भागाला) साधारण १.५ ते २.५ ग्रॅम दाब पुरतो. काही जुन्या यंत्रांत फिरवता येणारी दुहेरी सुई असते, एक बाजू ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांसाठी आणि एक एलपी-सिंगलसाठी. ७८ ची जाड बाजू चुकून सिंगलवर टेकली तर खाच कायमची बिघडते.

स्वच्छता: आधी कार्बन फायबरच्या ब्रशनं कोरडी धूळ काढा. माळव्याची उन्हाळी धूळ बारीक असते, ती ओल्या कपड्यानं आधीच पुसली तर खाचेत लेप बसतो. मग मऊ कापड डिस्टिल्ड वॉटरनं ओलं करून खाचेच्या दिशेनं फिरवा. लेबल भिजू देऊ नका. काही जण पाण्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घालतात. विनाइलला ते चालतं. घरातल्या नाट्यसंगीताच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांना मात्र ते मिश्रण कधीही लावू नका. त्या लाखेच्या असतात आणि अल्कोहोलनं लाख विरघळते. मराठी घरात दोन्ही प्रकार एकाच कपाटात असतात, म्हणून हे ठळक लक्षात ठेवा. एप्रिल-मेमध्ये बैठकीला येताना तबकडी गाडीत ठेवून खाली उतरू नका. बंद गाडीच्या उष्णतेनं ती वाकते आणि वाकलेली सरळ करणं जवळपास अशक्य. पावसाळ्यात उभ्या ठेवा, जवळ सिलिका जेलची पुडी.

परदेशातून विकत घेताना 'व्हीजी' ही श्रेणी म्हणजे "व्हेरी गुड" वाचून फसू नका. व्यवहारात तिचा अर्थ ऐकू येईल इतकी खरखर असा होतो. 'व्हीजी प्लस' किंवा त्याहून वरची घ्या. जुन्या तबकड्या गोळा करण्याची इंदूरची परंपरा जुनी आहे. पिगडंबरचं लता दीनानाथ मंगेशकर ग्रामोफोन रेकॉर्ड संग्रहालय एकदा बघून या. तिथे पंक नाही, पण तबकड्या कशा सांभाळायच्या याची नजर येते.

तिसरी पायरी: बैठकीचा क्रम

एक जण सूत्रधार. वाजवणं आणि वेळ त्याच्या हातात. प्रत्येकाला पेन्सिल आणि एक कागद, त्यावर तीन रकाने: वेळ, काय ऐकू आलं, आधीच्या गाण्यांपेक्षा वेगळं काय. मत लिहायला कागदाची मागची बाजू.

सुरुवातीला कान तयार करायला दोनच गाणी. एक 'स्पायरल स्क्रॅच' या पहिल्या ईपीवरचं (सिंगलपेक्षा मोठी, अल्बमपेक्षा छोटी तबकडी) 'बोअरडम', ज्यात गिटारचा एकल तुकडा दोनच स्वरांवर चालतो. दुसरं 'एव्हर फॉलन इन लव्ह'. पहिल्याचा निर्माता हॅनेट, तेव्हा तो मार्टिन झीरो या नावानं काम करत होता. दुसऱ्याचा मार्टिन रशंट, ज्यानं बँडचे १९७८-७९ मधले तिन्ही अल्बम केले. ही नावं आत्ता सांगायची नाहीत. "दोन ध्वनिमुद्रणांतल्या खोल्यांमध्ये काय फरक ऐकू येतो?" एवढंच विचारा.

मग पहिलं सिंगल: दोन्ही बाजू सलग, मध्ये फक्त तबकडी उलटण्याइतका थांबा. दोन मिनिटं शांतपणे लिहायचं. पुन्हा दोन्ही बाजू. त्यानंतर बोलणं. प्रत्येक सिंगलला पंचवीस मिनिटं धरा. दुसऱ्यानंतर चहा.

इथे इंदूरच्या श्रोत्यांसाठी एक खास सूचना. आपल्याकडे मैफलीत समेवर दाद द्यायची सवय अंगात मुरलेली आहे आणि ती चांगलीच आहे. पण तीन मिनिटांच्या गाण्यात एक "वाऽ" आणि त्यावर शेजाऱ्याचा होकार, एवढ्यात मधलं अख्खं कडवं निघून जातं. गाणं वाजत असताना फक्त मान हलवा. दाद नंतर भरपूर द्या.

पहिल्या फेरीचा नियम एकच आणि तो कडक पाळा: जे बोलाल त्याला गाण्यातली वेळ जोडा. "मजा नाही आली" हे चालणार नाही. "पहिल्या मिनिटाच्या आसपास गिटारचा दुसरा थर येतो आणि आवाज मागे जातो" हे चालेल. कुणाला पटलं नाही तर सूत्रधार तेवढा तुकडा पुन्हा लावतो. निम्मे वाद इथेच मिटतात. उरलेले निम्मे खरे असतात, ते कागदावर टिपून ठेवा.

शब्द पहिल्या ऐकण्यात बघायचे नाहीत, दुसऱ्यात बघा. नेटवर मिळणाऱ्या शब्दांत चुका खूप असतात. कान आणि कागद जुळले नाहीत तर कानावर विश्वास ठेवून ती जागा पुन्हा ऐका.

काय ऐकायचं

ड्रम्सपासून सुरुवात करा. मॅहर हा या बँडचा सगळ्यात कमी चर्चिला गेलेला कलाकार आहे, आणि ठेका सरळ ठेवून त्याच्या आत सतत भरणी करत राहणं ही त्याची ओळख. १९७८ मध्ये तो आवाज जवळून, कोरडा येतो. १९८० मध्ये ठोक्याच्या मागे काय येतं ते ऐका: शेपूट किती लांब आहे, ते मध्येच कापलंय का, ड्रम्स गिटारच्या पुढे आहेत की मागे. हॅनेट त्याच सुमारास जॉय डिव्हिजन या दुसऱ्या बँडचं काम करत होता. डिजिटल डिले वापरून ड्रम्सभोवती मोकळी जागा तयार करण्यासाठी तो ओळखला जातो.

'आर एव्हरीथिंग' मध्ये गिटारचे थर मोजायचा प्रयत्न करा. कुणाचाही आकडा जुळणार नाही, कारण थर एकमेकांत फिरत राहतात. तेच त्या गाण्याचं बळ आहे. आमच्या मते सहा बाजूंमधली ही सर्वोत्तम, आणि शेलीच्या सगळ्या कामातही ती पहिल्या रांगेत बसते. ब्रिटनच्या यादीत हे सिंगल ६१ व्या क्रमांकावर थांबलं, पुढची दोन यादीत आलीच नाहीत. विक्री घसरली म्हणून गाणी पडली असं म्हणणाऱ्यांनी हे गाणं सलग तीनदा ऐकावं.

लगेच दुसरी बाजू: डिगलचं 'चेनस्टोअर' छोटं, थेट आणि वेगवान आहे. दोन बाजूंमधला फरक इतका स्पष्ट आहे की इथे सगळ्यांना बोलायला सुचतं, म्हणून हे सिंगल पहिलं.

दुसरं सिंगल सगळ्यात अवघड. 'स्ट्रेंज थिंग' आम्हाला सहांत कमकुवत वाटतं. चाल पुढे जाण्याऐवजी जागच्या जागी घुटमळते. 'एअरवेव्ह्ज ड्रीम' मध्ये मात्र हॅनेटची पद्धत आणि डिगलची खरखर एकमेकांना भिडतात. ते आवडलं नाही तरी दोनदा ऐका.

तिसऱ्यात 'व्हॉट डू यू नो?' मधली फुंकवाद्यं ऐकून नवे श्रोते दचकतात. पंकमध्ये हे कसं, असा प्रश्न आला की तो तिथेच पकडा: पंक म्हणजे वाद्यांची यादी की काम करण्याची रीत? याच बँडनं पहिली ईपी स्वतःच्या न्यू हॉर्मोन्स या लेबलवर काढली होती. नवं काही करायला त्यांनी कधी कुणाची परवानगी मागितली नव्हती.

चौथी पायरी: तारखांचा कागद

सहाही गाणी झाल्यावर सूत्रधारानं हा कागद वाचून दाखवायचा. 'स्पायरल स्क्रॅच' २८ डिसेंबर १९७६ ला मँचेस्टरमध्ये मुद्रित झाली, जानेवारी १९७७ मध्ये निघाली. लगेच फेब्रुवारीत गायक हॉवर्ड डेव्होटो बाहेर पडला, शेली गाऊ लागला आणि डिगल बासवरून गिटारवर आला. १९७८ आणि १९७९ मध्ये रशंटबरोबर तीन अल्बम. त्यांची रेकॉर्ड कंपनी युनायटेड आर्टिस्ट्स पुढे ईएमआयच्या ताब्यात गेली. १९८० मध्ये हॅनेट परत, तीन सिंगल्स. १९८१ मध्ये शेली आणि रशंट नव्या कामाला बसले, त्यातून शेलीचं एकट्याचं 'होमोसेपियन' निघालं आणि बँड संपला. १९८९ मध्ये पुन्हा एकत्र. ६ डिसेंबर २०१८ ला शेली गेला.

आता पहिल्या फेरीचे कागद पुन्हा काढा आणि विचारा: यातलं कोणतं वाक्य तारखा कळल्यावर बदलावंसं वाटतं? "बँड थकला होता" असं लिहिणाऱ्याला त्याची वेळ-नोंद दाखवायला सांगा. ज्या नोंदीत फक्त ध्वनी आहे ती टिकते. जी नोंद फुटण्यावरच उभी आहे ती गळून पडते. वाद वाढला तर सर्वांत जास्त भांडण झालेली बाजू तिसऱ्यांदा लावा. त्यानंतर आणखी बोलणं ताणू नका, तीन तासांनी कान बोथट होतात.

पुढची बैठक

लगेच पुढच्या महिन्यात द जॅम हा ब्रिटिश बँड ठेवा, कारण तिथे उलटी परिस्थिती आहे. ऑक्टोबर १९८२ अखेरीस त्यांनी फुटत असल्याचं जाहीर केलं आणि नोव्हेंबरमध्ये 'बीट सरेंडर' काढलं, जे ब्रिटनच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आलं. ते विकत घेणाऱ्याला हे शेवटचं आहे हे माहीत होतं. बझकॉक्सचं तिसरं सिंगल घेणाऱ्याला माहीत नव्हतं. म्हणून जॅमच्या बैठकीत तारखांचा कागद गाण्यांच्या आधी वाचा, आणि दोन्ही बैठकींचे कागद शेजारी ठेवून बघा. तिसऱ्या वेळी द क्लॅश या पंक बँडचं १९८५ मधलं 'धिस इज इंग्लंड' घेता येईल. पण त्यात मूळ चौघांपैकी दोघेच उरले होते, त्यामुळे सूत्रधाराला तयारी जास्त करावी लागेल. दोनपेक्षा जास्त बँड एका दिवशी घेऊ नका.